घार काय सांगते?

(पाठपरिचय : रोज दिसणारे पक्षी आणि शहराचा कारभार यांचा संबंध या पाठात सांगितला आहे. पाठ वाचताना आपल्या गल्लीतील झाडे, कचराकुंडी आणि नाला डोळ्यांसमोर आणा.)



सकाळी शाळेत येताना मान वर करून पाहण्याची सवय आपल्याला फारशी नसते. रस्त्यात रिक्षा असतात, सायकली असतात, भाजीच्या हातगाड्या असतात. त्यांतून वाट काढताना लक्ष खालीच राहते. उद्या मात्र एक काम करा. घरापासून शाळेपर्यंत किती प्रकारचे पक्षी दिसतात ते मोजा. पाच-सहा सहज सापडतील. दहा सापडले, तर तुमची नजर चांगली आहे असे समजा.

यांतील बहुतेक पक्षी तुमच्या ओळखीचे आहेत. फक्त त्यांची मराठी नावे नवी वाटतील. चील म्हणजे घार. कौवा म्हणजे कावळा. चिडिया म्हणजे चिमणी. तोता म्हणजे पोपट. फाख्ता म्हणजे होला. मैना म्हणजे साळुंकी. बगुला म्हणजे बगळा. उल्लू म्हणजे घुबड. पण जुन्या झाडाच्या ढोलीतून डोळे वटारून पाहणाऱ्या लहान घुबडाला मराठीत पिंगळा म्हणतात. कबूतर हा शब्द दोन्ही भाषांत आहे. शिवाय मराठीत त्याला पारवा असेही म्हणतात, आणि त्याच्या राखाडी रंगालाही पारवा रंग हेच नाव आहे.

हे पक्षी कोठे बसतात, काय खातात, घरटे कोठे बांधतात हे नीट पाहिले, तर एक गोष्ट लक्षात येते. शहरात पक्षी आपली जागा स्वतः निवडतो, पण ती जागा माणसाने तयार केलेली असते. झाड कोणीतरी राखलेले असते. कचरा कोणीतरी टाकलेला असतो आणि ज्याने तो उचलायचा त्याने उचललेला नसतो. नदीत मैला कोणीतरी सोडलेला असतो. झाड ठेवायचे की तोडायचे, कचरा कोठे न्यायचा, पाण्यावर पैसा किती खर्च करायचा, हे कोणीतरी ठरवते. हे ठरवणे म्हणजेच राजकारण.

राजकारण, म्हणजे सियासत, हा शब्द ऐकला की आपल्याला सभा, झेंडे, भोंगे आणि निवडणुकीची पत्रके आठवतात. घरातील मोठी माणसे म्हणतात, "आपल्याला त्यात पडायचे नाही." पण नळाला पाणी किती दिवसांनी येते, हाही राजकारणाचाच प्रश्न आहे. त्यात न पडता कोणाचे चालते? माणसाचे चालत नाही, तसे पक्ष्याचेही चालत नाही.

आता आपल्या छावणीकडे पाहू. खाम नदीच्या एका बाजूला जुने शहर आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये ते खडकी या नावाने वसवले. पुढे त्याला औरंगाबाद म्हणू लागले, आणि २०२३ मध्ये सरकारने त्याचे नाव छत्रपती संभाजीनगर केले. नदीच्या दुसऱ्या बाजूला छावणी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या काळात सैन्याच्या मुक्कामासाठी ती वसली. शहराचा कारभार महानगरपालिका पाहते. ती १९८२ मध्ये स्थापन झाली. छावणीचा कारभार मात्र छावणी परिषद पाहते. ती केंद्र सरकारच्या संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. २००६ च्या छावणी कायद्याप्रमाणे तिचा अध्यक्ष लष्करी अधिकारी असतो आणि लोकांनी निवडून दिलेल्या सदस्यांचीही कायद्यात तरतूद आहे. म्हणजे थोडे अंतर चालून गेलो की झाड, कचरा आणि पाणी यांचा मालक बदलतो.

घारीला ही हद्द दिसत नाही. ती छावणीतल्या उंच झाडावर घरटे बांधते आणि शहरात जाऊन पोट भरते. घार ओळखणे सोपे आहे. तिची शेपटी टोकाला दुभंगलेली असते आणि पंख न हलवता ती बराच वेळ तरंगते. उन्हाने तापलेली हवा वर चढते. त्या हवेवर स्वार होऊन घार घिरट्या घालते आणि वरून खालची जमीन न्याहाळते. उंदीर, मेलेले प्राणी, मांसाचे तुकडे, उष्टे अन्न, तिला काहीही चालते. म्हणून एकाच जागेवर वीस-पंचवीस घारी रोज फिरताना दिसल्या, तर खाली काय असेल हे न जाताही सांगता येते. तेथे उघड्यावर कचरा किंवा मांसाचे अवशेष पडलेले असतात.

कचऱ्याचा प्रश्न आपल्या शहराने फार जवळून पाहिला आहे. शहराचा कचरा अनेक वर्षे नारेगावच्या डेपोत नेऊन टाकला जात असे. दुर्गंधी, धूर आणि खराब झालेले पाणी यांना कंटाळून तेथील गावकऱ्यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. मग कचरा न्यायचा कोठे? रस्त्याच्या कडेला, चौकात, शाळांजवळ ढीग साचले. काही ठिकाणी लोकांनी ते पेटवून दिले. मार्चमध्ये मिटमिट्याजवळ गाड्या आल्या, तेव्हा तेथील लोकांनीही विरोध केला. दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला. पुढे चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल आणि कांचनवाडी येथे कचऱ्यावर प्रक्रिया करण्याचे ठरले.

या हकिकतीत कोण बरोबर आणि कोण चूक, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. नारेगावच्या माणसाने आपला कचरा जन्मभर का सोसावा? आणि शहरातील माणसाने तो दारात का साठवावा? पण एक गोष्ट स्पष्ट आहे. प्रश्न एका दिवसात निर्माण झाला नव्हता. उघड्या कचऱ्यावर घारी आणि कावळे जमतात, आणि ते आकाशात दुरूनही दिसतात. विमानांना तर अशा पक्ष्यांपासून धोकाच असतो. म्हणूनच १९३७ च्या विमान नियमांत विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत पक्षी जमतील अशा रीतीने कचरा टाकण्यास मनाई करण्यात आली. आकाशातली घार आणि जमिनीवरचा कारभार यांचा संबंध कायद्यालाही माहीत आहे, तो असा.

सगळेच पक्षी कचऱ्याची बातमी आणत नाहीत. छावणीत गुरुवारी आठवडी बाजार भरतो. म्हशी, बैल, शेळ्या येतात. अशा जनावरांच्या पायांशी पांढरे गायबगळे निर्धास्त फिरतात. बाजारात नाही दिसले, तर नदीकाठी चरणाऱ्या म्हशींजवळ पाहा. म्हैस चालते तेव्हा गवतातले किडे उडतात आणि बगळा ते टिपतो. पावसाळ्याच्या सुमारास त्याच्या डोक्यावर आणि मानेवर केशरी छटा येते. तो रंग पाहून पुष्कळ जण त्याला वेगळाच पक्षी समजतात.

आता पोपटाकडे वळू. पोपट घरटे विणत नाही. त्याला झाडाची ढोली लागते. पिंगळा आणि साळुंकी यांनाही ढोली आवडते. ढोली कोवळ्या झाडात नसते. फांदी मोडते, लाकूड आतून कुजते, सुतार पक्षी ते पोखरतो, आणि अनेक वर्षांनी घर तयार होते. छावणीतल्या जुन्या बंगल्यांच्या आवारात चिंच, कडुनिंब आणि वड यांची मोठी झाडे राहिली आहेत. रस्ता रुंद करताना असे एक झाड तोडले, की आपण म्हणतो, "त्याच्या बदल्यात दहा रोपे लावू." रोपे जरूर लावावीत. पण दहा रोपांत एकही ढोली नसते. पोपटाच्या पिलांना यंदाच घर हवे असते. ती चाळीस वर्षे थांबू शकत नाहीत.

शहरातील झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ पासून एक कायदा आहे. महापालिका आणि नगरपालिका यांच्या हद्दीत परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. परवानगी देण्यापूर्वी वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते आणि त्या झाडावरही सूचना लावावी लागते. ती वाचून कोणीही नागरिक ठरलेल्या मुदतीत हरकत घेऊ शकतो. मित्रांनो, येथे जरा थांबा. झाडावरचा तो कागद बहुधा मराठीत असतो. ज्याला तो वाचता येत नाही, त्याच्यासाठी तो कागद नसल्यासारखाच. झाड तुमच्या दारातले, सावली तुमची, आणि मुदत मात्र न कळता संपून जाते. परीक्षेत गुण मिळावेत म्हणून मराठी शिकणे ठीकच आहे; पण आपल्या दारात लागलेला कागद आपणच वाचावा, त्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहू नये, हे त्याहून मोठे कारण आहे.

पक्ष्यांचा प्रश्न कधी कधी थेट विधिमंडळात पोहोचतो. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत मुंबईतील कबुतरखान्यांची चर्चा झाली. मुंबईत असे ५१ कबुतरखाने असल्याचे सांगण्यात आले आणि ते बंद करण्यास सरकारने महापालिकेला सांगितले. कबुतरांची विष्ठा सुकून तिची धूळ श्वासात गेली, तर काही लोकांना फुप्फुसाचा आजार होतो, असे डॉक्टर सांगतात. दुसऱ्या बाजूला, दाणे टाकणे हे पुण्याचे काम आहे आणि मुके प्राणी उपाशी मरतील, असे अनेक लोकांचे म्हणणे होते. दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला. ऑगस्टमध्ये आंदोलकांनी ती ताडपत्री काढून टाकली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. आपल्याकडेही पुष्कळ घरांत कबुतरांना दाणे घालणे सवाबाचे काम मानतात. म्हणून दोन्ही बाजू समजून घ्या. कबूतर मूळचे कड्याकपारीतले पक्षी आहे. उंच इमारतींच्या खिडक्या आणि सज्जे त्याला कड्यांसारखेच वाटतात. घर फुकट, दाणा फुकट; मग त्याची संख्या वाढणारच. दया चांगली, पण ती कोठे आणि किती करावी हेही ठरवावे लागते. आजारी शेजाऱ्यावर दया करणे हाही सवाबच आहे.

सरकारच्या एका निर्णयाने पक्ष्यांचे काय होऊ शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण चीनमध्ये घडले. १९५८ मध्ये तेथील सरकारने उंदीर, माश्या, डास आणि चिमण्या यांच्याविरुद्ध मोहीम काढली. चिमणी धान्य खाते, हा तिचा गुन्हा ठरला. लोक थाळ्या आणि ढोल वाजवत राहिले. चिमण्यांना कोठे बसूच दिले नाही. उडून उडून थकलेल्या चिमण्या खाली पडून मेल्या. पण चिमणी दाण्याबरोबर किडेही खाते आणि पिलांना तर किडेच भरवते, हे कोणी ऐकून घेतले नाही. पिकांवरील किडे वाढले. त्या वर्षांत चीनमध्ये भयंकर उपासमार झाली. तिची इतर मोठी कारणे होती, त्यांत या चुकीची भर पडली. १९६० मध्ये यादीतून चिमणीचे नाव काढले आणि ढेकणाचे घातले.

आपल्याकडे चिमणीला कोणी ढोल वाजवून मारले नाही. तरी ती अनेक शहरांत कमी दिसू लागली. जुन्या घरांच्या भिंतीत, कौलांखाली, तसबिरीमागे तिला जागा असे. सिमेंटच्या सपाट भिंतीत फट नसते. अंगणात फरशी बसली की किडेही जातात. चिमण्यांसाठी काम करणारे मोहम्मद दिलावर हे आपल्या महाराष्ट्रातल्या नाशिकचे. त्यांच्या प्रयत्नांतून २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस म्हणून पाळला जाऊ लागला. लाकडी खोका भिंतीला टांगणे आणि मातीच्या भांड्यात पाणी ठेवणे एवढे तर आपणही करू शकतो.

पक्षी पाहणारी माणसे जगापासून दूर राहणारी असतात, असा एक समज आहे. तो खरा नाही. इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही ॲलन ह्यूम यांचे नाव वाचले असेल. १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. हेच ह्यूम भारतातील पक्ष्यांचे मोठे अभ्यासक होते. डॉ. सलीम अली यांचा जन्म १८९६ मध्ये मुंबईत झाला. १९४१ मध्ये त्यांनी भारतीय पक्ष्यांवर लिहिलेले पुस्तक आजही वापरले जाते. १९८५ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नेमले. आपल्या शहरात दिल्ली दरवाजाजवळचा जुना खिजरी तलाव आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मारुती चितमपल्ली हे वनाधिकारी आणि मराठीतील थोर निसर्गलेखक. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन दिवसांमधला आठवडा महाराष्ट्र सरकारने २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून ठरवला आहे.

शेवटी खाम नदीकडे चला. अनेक वर्षे या नदीत शहराचा मैला आणि कचरा वाहत होता. गेल्या काही वर्षांत महापालिका, छावणी परिषद आणि स्वयंसेवी संस्था यांनी मिळून तिच्या काठांची सफाई केली, झाडे लावली. काम किती झाले, हे आपल्याला कोणत्याही अहवालाशिवाय तपासता येईल. गुलाबी, काटकुळ्या पायांचा शेकाट्या पक्षी उथळ, घाण पाण्यातही अळ्या वेचत उभा राहतो. निळा, इवलासा खंड्या मात्र मासे पकडून जगतो. त्याला मासे असलेले आणि तळ दिसेल असे पाणी लागते. पुलावर उभे राहा आणि कोण दिसतो ते पाहा.

तुम्हांला अजून मत देता येत नाही. त्यासाठी अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. पण अर्ज करायला वयाची अट नाही. एक वही घ्या. महिनाभर तारीख, वेळ, जागा, पक्षी आणि संख्या लिहा. एखाद्या जागी रोज घारी फिरताना दिसल्या, तर खाली काय पडले आहे ते लिहा. मग वडीलधाऱ्यांना दाखवून असा अर्ज करा :

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
छावणी परिषद.

विषय : उघड्यावरील कचरा उचलण्याबाबत.

महोदय,
आमच्या शाळेच्या वाटेवर, ______ येथे, दिनांक ______ पासून उघड्यावर कचरा पडलेला आहे. तेथे रोज घारी, कावळे व कुत्री जमतात. लहान मुलांना त्या वाटेने जाण्याची भीती वाटते. आमच्या नोंदींची प्रत सोबत जोडली आहे. तरी कचरा उचलण्याची व तेथे झाकण असलेली कुंडी ठेवण्याची व्यवस्था व्हावी, ही विनंती.

आपले नम्र,
इयत्ता ______ चे विद्यार्थी

अर्जाची दुसरी प्रत आपल्याजवळ ठेवा आणि तिच्यावर पोच घ्यायला विसरू नका. पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच जागी जा आणि मान वर करून घारी मोजा.

शब्दार्थ

ढोली – झाडाच्या खोडातील पोकळ जागा
घिरट्या घालणे – गोल गोल फिरणे
अखत्यारीत – अधिकाराखाली (हा शब्द उर्दूतील 'इख्तियार'चाच भाऊ आहे)
हरकत घेणे – एतराज करणे
मुदत – ठरवून दिलेला काळ, मुद्दत
पोच – कागद मिळाल्याची लेखी खूण, रसीद

स्वाध्याय

प्र. १ ला. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) खडकी हे शहर कोणी व केव्हा वसवले?
(२) पोपटाला जुने झाड का लागते?
(३) गायबगळे म्हशींजवळ का फिरतात?

प्र. २ रा. कारणे द्या.
(१) फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या.
(२) चीनमध्ये चिमणीचे नाव यादीतून काढावे लागले.

प्र. ३ रा. पाच-सहा वाक्यांत लिहा.
'दहा रोपे लावली म्हणजे एका जुन्या झाडाची भरपाई होते.' हे तुम्हांला पटते का?

प्र. ४ था. चर्चा करा.
वर्गाचे दोन गट पाडा. एका गटाने कबुतरखान्यांच्या बाजूने व दुसऱ्याने विरुद्ध बोलावे. नंतर गटांनी बाजू बदलाव्यात.

उपक्रम : झाडावर, भिंतीवर किंवा कार्यालयाच्या फलकावर लावलेली एक मराठी सूचना वहीत उतरवून आणा. तिचा अर्थ घरी उर्दूत समजावून सांगा.